दोर कुणाच्या हातात?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'मुली आणि भिंत चढणं' असा विषय वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला चिडवलं, "काय गं, सर्कस काढलीस का?" एकीनं मात्र गंभीरपणे विचारलं, "पोरींची शाळा सुटतेय, लग्नं ठरतायत, घरी मारहाण चालू आहे. त्यात हे कशाला? ही चैन नाही का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आज मी जे बोलणार आहे ते त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये किशोरी गटांचं काम करते. गटात आम्ही काय करतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाळीबद्दल बोलतो, कायदा सांगतो, गाणी म्हणतो, 'नाही' म्हणायला शिकवतो. या सगळ्यात मुलीच्या शरीराबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा ते शरीर कसं जपायचं, कसं वाचवायचं याबद्दलच बोलतो. त्या शरीरात मजा आहे, ताकद आहे, ते हिचं स्वतःचं आहे, हे सांगायचं राहून जातं. ते मला एका मुलीमुळं फार स्पष्ट दिसलं. तिचं नाव मी सांगणार नाही. वस्ती लहान आहे आणि तिचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, नववीत. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रंगकाम करतात, काम असेल तेव्हा. एक मोठा भाऊ. अभ्यासात बेताची, गटात मागं बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. एका कॉलेजच्या गिर्यारोहण करणाऱ्या मुलामुलींनी आमच्या गटाला एक दिवस चढाईच्या भिंतीवर बोलावलं. बावीस मुली गेल्या. वीस जणींनी मजा केली, वडापाव खाल्ला आणि विषय संपला. एक घाबरून रडली. आणि ही एक जण खाली उतरल्यावर मला म्हणाली, "ताई, परत कधी?"

ज्यांनी अशी भिंत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकडी किंवा फायबरच्या फळ्यांची उंच भिंत असते. तीवर रंगीबेरंगी खुंट्या बोल्टनं घट्ट बसवलेल्या असतात, त्यांना 'होल्ड' म्हणतात. काही मूठभर मोठे, काही बोटाच्या पेरापुरते. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. सोप्या वाटा, अवघड वाटा, सगळ्या ठरलेल्या असतात. कमरेला आणि मांड्यांना पट्टा बांधायचा, तो हार्नेस. त्याला दोर. दोर वर जाऊन कडीतून खाली येतो आणि त्याचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात असतं. चढणारी जसजशी वर जाते तसतसा खालची दोर ओढून घेते. याला 'बिले देणं' म्हणतात. वरचीचा हात सुटला तर खालची दोर धरते आणि वरची दोन-चार वीत खाली येऊन लोंबकळते. दुसरा प्रकार म्हणजे बोल्डरिंग. भिंत ठेंगणी, दोर नाही, खाली जाड गाद्या. आता शहरात छपराखाली, बंद हॉलमध्येही हे चालतं, म्हणजे पाऊस असो की ऊन, सराव चुकत नाही.

हा प्रकार फार जुना नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात १९६४ साली एका शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकानं बोळाच्या भिंतीत दगड बसवून सरावाची भिंत केली, तिथून ही गोष्ट पसरली. हिवाळ्यात खऱ्या कड्यावर जाता येत नाही म्हणून केलेली सोय. टोकियोच्या २०२० च्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झालं, हा खेळ पहिल्यांदा आला. २०२४ साली पॅरिसमध्ये पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्लावनं पंधरा मीटरची भिंत अंतिम फेरीत ६.१० सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतलं. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत समजा. आपल्याला तिथले जिने चढायला किती वेळ लागतो ते आठवा.

पण आमच्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला काय आवडलं? मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, वर असताना डोक्यात दुसरं काहीच येत नाही. पाणी भरलं का, भाकरी टाकली का, काहीच नाही. फक्त पाय कुठं ठेवायचा एवढंच."

मैत्रिणींनो, पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातून पाणी आणि भाकरी अर्धा तास जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आपल्यापैकी किती जणींच्या डोक्यातून ती आत्ता, या सभागृहात बसल्या बसल्या, गेली आहे?

बोल्डरिंगच्या वाटेला 'प्रॉब्लेम' म्हणतात. ती एकदा हसत म्हणाली, "घरी पण प्रॉब्लेमच, इथं पण प्रॉब्लेमच. पण हा पडत पडत का होईना, सुटतो." एकच वाट ती तीन आठवडे करत होती. पहिल्यांदा नुसत्या हातांच्या जोरावर लटकायची आणि दमून पडायची. मग शिकली, की हात सरळ ठेवायचे, भार पायावर घ्यायचा, कंबर भिंतीला लावायची. शाळेत एक गणित दोनदा चुकलं की वही मिटणारी ही मुलगी. तीच पंचविसाव्यांदा पडून पुन्हा हाताला खडूची पूड लावत होती. आपण व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेतो, आत्मविश्वासावर खेळ घेतो. ते चुकीचं नाही. पण आत्मविश्वास शब्दांनी सांगून येतो त्याहून पुष्कळ जास्त हातापायांतून येतो, असं मी आता म्हणेन.

आता घरची गोष्ट. भिंतीवर मुलांची गर्दी कमी असते ती वेळ संध्याकाळी पाच ते सात. वस्तीत पाणी येतं साडेपाचला. आई कामावरून येते साडेसहाला. म्हणजे भिंत आणि हंडा यांची वेळ एक. भाऊ घरी असतो, पण पाणी भरणं हे त्याचं काम नाही. पहिली लढाई तिथं झाली. ती भाषणानं जिंकली नाही, हे मुद्दाम सांगते. आठवड्यातले तीन दिवस शेजारची एक मुलगी हिचे हंडे भरणार आणि उरलेले तीन दिवस ही तिचे भरणार, अशी मुलींनीच आपसात सोय केली. भाऊ मोकळाच राहिला. याला मी जिंकणं म्हणत नाही. मुलीच्या मोकळ्या वेळाची किंमत पुन्हा मुलीनंच दिली. पण वेळ मिळाला.

दुसरी लढाई कपड्यांची. ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, त्यावर हार्नेस. हार्नेसचे पट्टे मांड्यांभोवती आवळलेले. भाऊ एकदा बघून आला आणि घरी येऊन काय बोलला ते मी इथं सांगत नाही. तिसरी लढाई हातांची. होल्ड धरून धरून बोटांच्या मुळाशी घट्टे पडले, कातडी सोलवटली. मावशी म्हणाली, "असले हात घेऊन उद्या दाखवायला कशी बसणार?" तेव्हा आईनं स्वतःचे हात पुढं केले. वीस वर्षं साबणाच्या पाण्यात आणि राखेत गेलेले हात. म्हणाली, "माझे बघ. मला कुणी विचारलं नाही."

त्या माऊलीनं एका वाक्यात सांगितलं ते आपण नीट समजून घेऊ. दुसऱ्यांची भांडी घासून पडलेले घट्टे कुणाला दिसत नाहीत. स्वतःच्या आनंदासाठी पडलेले घट्टे मात्र साऱ्या वस्तीला दिसतात. आक्षेप हाताच्या राठपणाला नाही. तो राठपणा कुणासाठी आला, यालाच आक्षेप आहे.

आपल्या सगळ्यांना हिरकणीची आख्यायिका पाठ आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून रायगडाचा कडा अंधारात उतरून गेलेली गवळण. तिच्या नावाचा बुरूज आहे, एस.टी. स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहेत. तिच्या धाडसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण विचार करा, तीच हिरकणी 'मला उतरून बघायचं होतं' म्हणून उतरली असती तर? बुरूज बांधला असता का? बाईनं कडा उतरावा, पण बाळासाठी. बाईनं धावावं, पण बस पकडायला. स्वतःच्या हौसेला आपल्याकडं बाईच्या बाबतीत अजून सोय नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. १९२९ साली मिरियम ओब्रायन ही अमेरिकन बाई आणि तिची फ्रेंच मैत्रीण अलिस दामेम या दोघी आल्प्समधला ग्रेपाँ नावाचा सुळका पुरुष वाटाड्याशिवाय चढल्या. त्यावर एका गिर्यारोहकानं हळहळ व्यक्त केली, की आता ग्रेपाँ संपला, दोन बायका एकट्या चढल्यावर कोणता स्वाभिमानी पुरुष तिथं जाईल! पुढं १९९३ साली लिन हिल ही जेमतेम सव्वापाच फुटांची बाई कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन कड्याची 'नोज' नावाची वाट केवळ हातापायांच्या बळावर चढली. दोर फक्त पडल्यावर सांभाळायला. तोवर अशा रीतीनं ती वाट कुणालाच, पुरुषालाही, जमली नव्हती. दुसऱ्या वर्षी तीच वाट तिनं एका दिवसाच्या आत पुरी केली. जिथं मोठ्या पंजांना जागा नव्हती, तिथं तिची बारीक बोटं फटीत बसली असं सांगतात.

आणि अगदी अलीकडचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इराणची एलनाझ रेकाबी सेऊलच्या आशियाई स्पर्धेत डोक्यावर हिजाब न घेता भिंत चढली. महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमधल्या बायका रस्त्यावर उतरलेल्या होत्या, ते दिवस. नंतर तिच्या नावानं खुलासा आला की ते अनवधानानं झालं. तो खुलासा तिनं मोकळेपणानं दिला असेल यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. ती तेहरानच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या स्वागताला लोक जमले होते. मी हे सांगते ते डोक्यावर कपडा घेणाऱ्या मुलींना नावं ठेवण्यासाठी नाही. आमच्या गटातल्या दोन मुली रुमाल घट्ट बांधून चढतात आणि उत्तम चढतात. मुद्दा एवढाच, की कपडा घ्यायचा की नाही हे चढणारीनं ठरवावं.

आता जरा अवघड भागाकडं येते. मुलीची आई पहिल्यांदा भिंत बघायला आली तेव्हा तिनं उंचीबद्दल विचारलं नाही, पडण्याबद्दल विचारलं नाही. वर बघून तिनं विचारलं, "दोर कुणाच्या हातात आहे?"

मला वाटतं, आपण कार्यकर्त्यांनीही प्रत्येक मैदानात, प्रत्येक क्लासमध्ये जाऊन हाच प्रश्न विचारायला हवा. शिकवणारे बहुतेक पुरुष आहेत. हार्नेस तपासायचा म्हणजे कमरेशी हात जातो. नवीन मुलीला पाय कुठं ठेवायचा हे दाखवताना स्पर्श होतो. बहुतेक प्रशिक्षक चांगलेच असतात. पण चांगुलपणावर सोडून देण्याची ही बाब नाही. २०२३ साली देशाला पदकं मिळवून देणाऱ्या महिला कुस्तीगिरांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. एक, मुलींनी एकमेकींचे हार्नेस तपासायचे. बक्कल उलटी घातली का, गाठ बरोबर आहे का, हे चढण्याआधी जोडीदारणीनं बघायचं असतंच, तो सुरक्षिततेचाच नियम आहे. तो मुली शिकल्या की दुसऱ्या कुणाचा हात लागायची गरज पुष्कळ कमी होते. दोन, प्रशिक्षकानं आधी तोंडी सांगायचं, खालून काठीनं होल्ड दाखवायचा. हात लावायची वेळ आलीच तर विचारून. तीन, मुली एकट्या नाहीत, निदान दोघी, आणि गटातली एक मोठी बाई हजर. चार, कायदा माहीत असणं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागाही येते. हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसतं. तिथं तक्रार समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तो कळवण्याची जबाबदारी आहे, म्हणजे आपल्यावरही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ हवा.

सुरुवातीला त्या सार्वजनिक भिंतीशेजारची कपडे बदलायची खोली कायम कुलपात असायची, किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नसायचं. मुली घरून कपडे घालून यायच्या आणि लघवी दाबून दोन तास काढायच्या. पाळीच्या दिवसांत घरीच थांबायच्या. सहा अर्ज केले, सोळा मुलींच्या सह्या घेतल्या, तेव्हा कुलूप निघालं. मुली खेळात मागं का, याची कारणं आपण समाजाच्या मानसिकतेत शोधत बसतो. कधी कधी कारण एका कुलपाएवढं असतं.

खाण्याबद्दल एक इशारा. या खेळात वजन हलकं असलं की वर जाणं सोपं, असा समज पसरलेला आहे. त्यापायी परदेशातल्या चांगल्या चांगल्या खेळाडू मुलींनी खाणं तोडलं, पाळी बंद झाली, हाडं कमजोर झाली. ऑलिंपिकमध्ये दोनदा सुवर्ण मिळवलेल्या स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेतनं याविरुद्ध उघड आवाज उठवला, आणि या खेळाच्या जागतिक संघटनेला २०२४ साली त्यासाठी नियम आणावे लागले. आपल्या मुलींची अडचण उलट टोकाची, घरात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवायची सवय. सरावानंतर शेंगदाणे, गूळ, केळं, उकडलेलं अंडं एवढं तरी मिळालं पाहिजे. गटानं वर्गणी काढून ती सोय केली. 'बारीक राहिलं की छान चढता येतं' असं कुणीही मुलीला म्हणालं तर तिथल्या तिथं टोका.

आता पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडं. ही चैन आहे का? खासगी हॉलमध्ये एका वेळचे काही शे रुपये पडतात, चढाईचे बूट काही हजारांचे. त्या अर्थानं ही चैन झालीच आहे, मला ते मान्य आहे. पण एखादी गोष्ट फक्त पैसेवाल्यांना मिळते म्हणून ती चैन ठरते का? की ती सगळ्यांना मिळावी म्हणून मागणी करायची? बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९९२ साली स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा 'सीडॉ' करार आपण १९९३ साली मान्य केला. त्याच्या १३ व्या कलमात करमणूक आणि खेळात भाग घेण्याचा बायकांचा हक्क आहे. या दोन्ही करारांवरची पोस्टर्स आपण केली. त्यात शिक्षण आलं, आरोग्य आलं, हिंसा आली. खेळ कुठं आला?

आणखी एक सांगते. आपण मुलींना कराटे शिकवतो आणि त्यासाठी पैसेही चटकन मिळतात, कारण त्याला कारण देता येतं, स्वसंरक्षण. म्हणजे मुलीनं शरीर कमवायचं तेही कुणीतरी हल्ला करणार आहे म्हणून. भिंत चढण्याला असं कारण देता येत नाही. ती कुणापासून वाचवत नाही. तिचा उपयोग काय, असं विचारलं तर उत्तर एकच, तिला आवडतं. हे उत्तर पुरेसं आहे, असं आपल्या चळवळीनं ठामपणे म्हणावं, अशी माझी विनंती आहे.

मुलगी आता सोळा पूर्ण झाली, दहावीत आहे. दिवाळीत तिच्या काकांनी गावाकडचं एक स्थळ आणलं. 'अठरापर्यंत थांबू, पण बोलणी करून ठेवू,' असं वडील म्हणतात. सराव परीक्षेपर्यंत बंद, असा घरचा हुकूम आहे, आणि परीक्षेनंतर तो उठेल याची मला खात्री नाही. आई तिच्या बाजूनं आहे, पण घरात आईच्या मताला किती वजन असतं ते तुम्ही जाणता. आम्ही घरी जातो, बोलतो. वडिलांनी मला विचारलं, "मेडल मिळणार आहे का तिला?" मी खरं ते सांगितलं, की बहुधा नाही. उशिरा सुरुवात झाली, साधनं नाहीत. मेडलचं आमिष दाखवून परवानगी मिळवणं सोपं होतं. पण मेडल न मिळणाऱ्या मुलीलाही संध्याकाळचे दोन तास हवेत, हे मग कोण सांगणार? तिच्याबरोबर आता आणखी सात जणी चढतात. त्यांनी त्यांचं त्यांचं ठरवलंय, की तिची जागा रिकामी ठेवायची आणि तिच्या रंगाची वाट तिच्याशिवाय कुणी पुरी करायची नाही.

म्हणून गावी परतताना तीन गोष्टी मनात घेऊन जा. भिंत तुमच्याकडं नसेल. कबड्डीचं मैदान असेल, नदी असेल, पोहण्याचा तलाव असेल. तिथं संध्याकाळी पाच ते सात कोण असतं ते बघा आणि मोजा. मुली किती, मुलगे किती. मुलींसाठी खोली, पाणी आणि दिवा आहे का ते बघा आणि नसेल तर सह्या गोळा करा. आणि गटातल्या प्रत्येक मुलीला एकदा तरी विचारा, तुला काय करायला आवडतं? उत्तर यायला वेळ लागेल. तोवर गप्प बसून ऐका. हा प्रश्न तिला याआधी कुणी विचारलेला नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

आता चर्चा सुरू करू. सकाळी 'चैन' म्हणाली होती तिनंच आधी बोलावं.